अँग्लो-सॅक्सनकालीन इंग्रजी साहित्य आणि समाज : हस्तलिखितांच्या जतनाच्या अंगाने एक विचार

इंग्रजी साहित्याच्या इतिहासग्रंथांत पहिले प्रकरण बहुधा अँग्लो-सॅक्सन कालखंडाचे असते आणि ते प्रास्ताविकाच्या स्वरूपाचे असते. पाचव्या शतकाच्या मध्यापासून १०६६ मधील नॉर्मन विजयापर्यंत सुमारे सहाशे वर्षांचा हा कालखंड. या प्रकरणात वाचकासमोर एक ठरीव चित्र उभे केले जाते. समाज योद्ध्यांचा, त्यांची निष्ठा आपल्या स्वामीवर, त्यांची करमणूक सभागृहातील मद्यपान आणि गायकाचे काव्य. पुढे ख्रिस्ती धर्म येतो, लेखन येते आणि मौखिक परंपरा मागे पडते. ‘बेओवुल्फ’ हे महाकाव्य या समाजाचा आरसा म्हणून दाखविले जाते. हे चित्र सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते ज्या पुराव्यावर उभे आहे, तो पुरावा कोणी राखला आणि का राखला, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मध्यवर्ती मानून प्राचीन इंग्रजी साहित्य आणि त्याचा समाज यांच्या संबंधाचा विचार करावयाचा आहे. उपलब्ध साहित्य हे त्या समाजाचे थेट प्रतिबिंब नसून, मठांनी चर्मपत्रावर उतरविण्याजोगे जे मानले त्यातील वाचलेला अंश आहे. आणि तरीही या अंशात समाजाच्या अशा खुणा आढळतात, ज्या राखणाऱ्यांनी मुद्दाम राखलेल्या नव्हत्या, हे येथील प्रतिपादन आहे.

प्रथम संज्ञेविषयी. ‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द रूढ असला, तरी एकोणिसाव्या शतकापासून त्याला वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना चिकटल्या आहेत. या विषयाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या नावातून हा शब्द वगळण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर ‘आरंभीच्या मध्ययुगातील इंग्लंड’ असा प्रयोग वाढला आहे. प्रस्तुत लेखात जुनी संज्ञा केवळ कालवाचक अर्थाने वापरली आहे.

१. कालखंडाची चौकट

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन सत्तेचा अंत झाला. त्यानंतर उत्तर समुद्राच्या पलीकडून, म्हणजे आजच्या डेन्मार्क, उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्स या भागांतून जर्मानिक भाषा बोलणारे लोक येऊन वसले. इतिहासकार बीड याने त्यांची अँगल, सॅक्सन आणि ज्यूट अशी विभागणी केली. हे आगमन म्हणजे मोठे स्थलांतर होते की मूठभर सरदारांचे वर्चस्व, याविषयी दीर्घकाळ वाद होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधील त्या काळच्या दफनांतील व्यक्तींच्या वंशात उत्तर युरोपीय अंश ७६ टक्क्यांपर्यंत असल्याचे दाखविले. म्हणजे स्थलांतर मोठे होते. तथापि स्थानिक आणि आगंतुक यांची दफने एकाच दफनभूमीत आढळतात, हेही त्याच संशोधनातून दिसते.

५९७ मध्ये रोमहून आलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला आणि राजा एथेलबर्ट याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सातव्या शतकात मठांची स्थापना झाली. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांचा हल्ला झाला आणि पुढील शतकात उत्तर व मध्य इंग्लंडमधील बहुतेक राज्ये कोसळली. ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड विजयी झाला. त्याच्या वंशजांनी दहाव्या शतकात एकसंध इंग्लिश राज्य घडविले. आज उपलब्ध असलेली काव्याची बहुतेक हस्तलिखिते या शेवटच्या पर्वातील, म्हणजे इसवी सन १००० च्या आसपासची आहेत. सहाशे वर्षांचा समाज आपण शेवटच्या शतकाच्या खिडकीतून पाहतो, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे.

२. चार ग्रंथ आणि एक आग

प्राचीन इंग्रजीतील उपलब्ध काव्य सुमारे ३०,००० ओळींचे आहे. त्याचा मोठा भाग चार हस्तलिखित ग्रंथांत सामावला आहे. एक्सेटरचा ग्रंथ बिशप लिओफ्रिक याने आपल्या कॅथेड्रलला दिला. या बिशपचा मृत्यू १०७२ मध्ये झाला. त्याच्या देणगीच्या यादीत या ग्रंथाची नोंद निरनिराळ्या विषयांवरील पद्यरचनांचे एक मोठे इंग्रजी पुस्तक एवढीच आहे. ग्रंथाच्या पृष्ठांवर कापल्याच्या रेषा, द्रवपदार्थाचे डाग आणि जळल्याची छिद्रे आहेत. त्यावरून तो दीर्घकाळ वाचनाखेरीज अन्य कामांसाठीही वापरला गेला असावा, असे दिसते. दुसरा ग्रंथ उत्तर इटलीतील व्हेर्चेल्ली येथे आहे आणि १८२२ मध्ये एका जर्मन अभ्यासकाला तेथे तो आढळेपर्यंत त्याचे महत्त्व कोणास ठाऊक नव्हते. तिसरा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात बायबलाधारित काव्ये आहेत.

चौथा ग्रंथ ‘बेओवुल्फ’चा. ३१८२ ओळींचे हे काव्य केवळ या एकाच प्रतीत मिळते. सर रॉबर्ट कॉटन याच्या संग्रहातील ही प्रत २३ ऑक्टोबर १७३१ रोजी लंडनमधील ॲशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत सापडली. तिच्या कडा करपल्या आणि पुढे वर्षानुवर्षे झडत राहिल्या. आइसलँडमध्ये जन्मलेला डॅनिश विद्वान थॉर्केलिन याने १७८० नंतरच्या दशकात तिच्या दोन नकला मिळविल्या नसत्या, तर आज झडून गेलेली पुष्कळ अक्षरे कायमची नाहीशी झाली असती. त्याच आगीत ९९१ मधील मॉल्डनच्या लढाईवरील काव्याचे हस्तलिखित पूर्णतः जळाले. आधी केलेल्या नकलेमुळे त्याच्या ३२५ ओळी आपल्यापर्यंत आल्या.

‘बेओवुल्फ’ ज्या ग्रंथात आहे, त्यातील इतर मजकूर तौलनिक अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. त्यात संत क्रिस्टोफरची कथा, पूर्वेकडील आश्चर्यांचे वर्णन, ज्युडिथवरील काव्य आणि अलेक्झांडरने ॲरिस्टॉटलला लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र आहे. या पत्रात हिंदुस्थानातील विचित्र प्राणी, विषारी जल आणि सर्प यांची वर्णने येतात. या मजकुरांतील समान सूत्र राक्षस आणि अद्भुत यांचे आहे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. ते मान्य केल्यास ‘बेओवुल्फ’ वाचले ते राष्ट्रीय महाकाव्य म्हणून नव्हे, तर ग्रेंडेल, त्याची माता आणि अग्निसर्प यांच्या कथेमुळे, कल्पित हिंदुस्थानच्या शेजारी बसून. शिवाय या काव्यात इंग्लंडची भूमी कोठेच येत नाही. त्याची कथा डेन आणि दक्षिण स्वीडनमधील गीट या लोकांची आहे. ज्या काव्यावरून इंग्लिश समाजाचे चित्र रेखाटले जाते, त्याच्या बाबतीत एवढे भान आवश्यक आहे.

जतनाला आर्थिक बाजूही होती. नॉर्थम्ब्रियातील वेअरमथ-जॅरो येथे ७१६ पूर्वी तयार झालेल्या एका लॅटिन बायबलसाठी पाचशेहून अधिक वासरांची कातडी लागली. एवढे मोल असलेल्या चर्मपत्रावर काय लिहावे, हा निर्णय मठाचा होता. एक्सेटरच्या ग्रंथातील एका कोड्यात पुस्तक स्वतःच बोलते आणि आपला प्राण कसा घेतला गेला, कातडे कसे भिजविले, वाळविले, कापले आणि त्यावर लेखणी कशी फिरली, हे सांगते. ग्रंथनिर्मितीच्या प्रक्रियेचे इतके नेमके भान त्या काळच्या वाचकांना होते.

३. गायक आणि मठ

मौखिक गायनाची परंपरा होती, याविषयी शंका नाही. १९३९ मध्ये सफक परगण्यातील सटन हू येथे उत्खनन झालेल्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या नौकादफनात शस्त्रे आणि सुवर्णालंकार यांच्याबरोबर एका तंतुवाद्याचे अवशेष मिळाले. २००३ मध्ये एसेक्समधील प्रिटलवेल येथे सापडलेल्या दफनकक्षातही असेच वाद्य होते. राजपुरुषाच्या परलोकयात्रेत तलवारीइतकेच वाद्यही आवश्यक मानले गेले होते.

परंतु गायन दरबारापुरते मर्यादित नव्हते. बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या धर्मेतिहासात कॅडमनची कथा दिली आहे. मठाध्यक्षा हिल्ड हिच्या व्हिटबी येथील मठात गुरे राखणारा हा मनुष्य भोजनाच्या प्रसंगी वाद्य हातोहात फिरत आपल्याकडे येऊ लागले की उठून जात असे, कारण त्याला गाता येत नव्हते. एका रात्री स्वप्नात मिळालेल्या आदेशाने तो सृष्टिकर्त्याचे स्तवन गाऊ लागला. या कथेतील चमत्काराकडे नेहमी लक्ष दिले जाते. तिच्या पार्श्वभूमीकडे दिले जात नाही. ज्या पंक्तीतून तो उठून जाई, तेथे प्रत्येकाने गाणे अपेक्षित होते. म्हणजे सामान्य माणसांपाशीही गाण्यांचा साठा होता. कॅडमनची नऊ ओळींची रचना वीसहून अधिक हस्तलिखितांत राहिली. त्याच्या सोबत्यांच्या गाण्यांपैकी एकही राहिले नाही. एका रचनेत ख्रिस्ती आशय होता, इतरांत तो नसावा, हे याचे सरळ कारण आहे.

येथे आणखी एक बाब महत्त्वाची. बीडने या रचनेचा केवळ लॅटिन आशय दिला आणि एका भाषेतील काव्य दुसऱ्या भाषेत शब्दशः नेल्यास त्याचे सौंदर्य हरपते, अशी पुस्तीही जोडली. भाषांतराच्या विचारातील हा एक जुना उल्लेख होय. मूळ इंग्रजी ओळी लॅटिन ग्रंथाच्या समासात किंवा शेवटी लेखनिकांनी नोंदविल्या. आज ज्याला आपण इंग्रजी काव्याचा आरंभ म्हणतो, त्याला प्रथम जागा मिळाली ती लॅटिन पृष्ठाच्या कडेला. मधमाश्यांचे मोहोळ उडून जाऊ नये यासाठी म्हणावयाचा एक इंग्रजी मंत्रही असाच बीडच्या ग्रंथाच्या एका प्रतीच्या समासात उतरविलेला आहे. शेतकऱ्याच्या रोजच्या जीवनातील वाणी कोठे उरली, याचे हे उदाहरण आहे.

मठ आणि गायक यांच्यात तणावही होता. विद्वान आल्क्विन याने ७९७ मध्ये एका बिशपला लिहिलेल्या पत्रात, भोजनाच्या वेळी वीणावादक नको, वाचक हवा, असा आग्रह धरून इंगेल्डसारख्या जुन्या वीराचा ख्रिस्ताशी काय संबंध, असा सवाल केला आहे. या निषेधातूनच सिद्ध होते की, धर्मगुरूंच्या पंक्तीतही वीरगाथा ऐकल्या जात होत्या. आठव्या शतकाच्या आरंभीची, देवमाशाच्या हाडातून कोरलेली आणि फ्रँक्स पेटिका म्हणून प्रसिद्ध असलेली मंजूषा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या एकाच फलकावर डाव्या बाजूस जर्मानिक दंतकथेतील लोहार वेलंड आणि उजव्या बाजूस बाल येशूला भेटावयास आलेले ज्ञानी पुरुष आहेत. जुना धर्म गेला आणि नवा आला, असा सरळ क्रम या फलकावर दिसत नाही.

छंदाविषयी थोडेसे. प्राचीन इंग्रजी ओळीचे दोन अर्ध असतात, प्रत्येक अर्धात दोन आघात असतात आणि दोन्ही अर्धांना आद्याक्षरांचा अनुप्रास जोडतो. समुद्राला ‘देवमाशाचा मार्ग’ म्हणावे, अशा सामासिक रूपकांची त्यात विपुलता आहे. ठरावीक शब्दबंधांच्या पुनरावृत्तीवरून १९५३ मध्ये फ्रान्सिस मॅगून यांनी पॅरी आणि लॉर्ड यांचा मौखिक सूत्रांचा सिद्धान्त या काव्याला लावला. १९६६ मध्ये लॅरी बेन्सन यांनी दाखविले की, लॅटिनमधून लेखी भाषांतरित केलेल्या काव्यांतही तेच शब्दबंध तितक्याच प्रमाणात येतात. सूत्रमयता हा मौखिक रचनेचा निर्णायक पुरावा नव्हे, हा धडा रामायण-महाभारतापासून लोकगीतांपर्यंत काम करणाऱ्या भारतीय अभ्यासकांनाही उपयोगी आहे.

४. कायदा आणि काव्य

समाज आणि साहित्य यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो मनुष्यमूल्याच्या, म्हणजे ‘वेरगिल्ड’च्या संस्थेत. एखाद्याची हत्या झाली, तर मारेकऱ्याने मृताच्या कुळाला ठरलेली रक्कम द्यावयाची. न दिल्यास सूड हा कुळाचा अधिकार होता. इसवी सन ६०० च्या सुमाराचा एथेलबर्टचा कायदा हा इंग्रजी भाषेतील सर्वांत जुना मोठा मजकूर मानला जातो. त्यात अंगठा तोडल्यास २० शिलिंग आणि अंगठ्याचे नख गेल्यास ३ शिलिंग अशी भरपाई सांगितली आहे. वेसेक्सच्या कायद्यात स्वतंत्र शेतकऱ्याचे मूल्य २०० शिलिंग, तर उच्चकुलीनाचे १२०० शिलिंग होते. वेल्श माणसाचे मूल्य कमी होते. गुलामाचे मनुष्यमूल्य नव्हतेच, त्याची किंमत मालकाला मिळे. समाजाची उतरंड येथे आकड्यांत मांडली आहे.

या कायद्याच्या प्रकाशात ‘बेओवुल्फ’ वाचले असता त्यातील अनेक प्रसंगांचा अर्थ बदलतो. बेओवुल्फच्या पित्याने केलेल्या हत्येची भरपाई डेन राजा ह्रॉथगार याने दिली होती. त्या ऋणाची फेड हे पुत्राच्या आगमनामागील एक कारण आहे. ग्रेंडेल केवळ नरभक्षक म्हणून भयंकर नाही. मृतांची भरपाई देऊन तंटा मिटविण्यास तो तयार नाही, असे कवी आवर्जून सांगतो. जो कायद्याच्या देवघेवीत बसत नाही, तो माणसांत बसत नाही. यापेक्षाही मर्मभेदी प्रसंग गीट राजा ह्रेथेलचा आहे. त्याच्या एका पुत्राच्या बाणाने चुकून दुसऱ्या पुत्राचा बळी जातो. आता पित्याने सूड कोणावर घ्यावा? भरपाई कोणाकडून घ्यावी? मारणारा आणि मेलेला एकाच कुळाचे असल्याने दोन्ही मार्ग बंद होतात आणि राजा शोकाने खंगून मरतो. कायद्याने ज्याचा विचार केला नाही, त्या ठिकाणी काव्य उभे राहते. समाज आणि साहित्य यांचा संबंध प्रतिबिंबाचा नसून प्रश्नोत्तराचा आहे, हे या प्रसंगावरून समजते.

एथेलबर्टचा कायदाही आपल्याला मिळतो तो रॉचेस्टर येथील बाराव्या शतकातील एकाच हस्तलिखितातून, मूळ रचनेनंतर पाचशे वर्षांनी. काव्याप्रमाणेच कायद्याचे अस्तित्वही एका मठाच्या कपाटावर अवलंबून होते.

५. सभागृहाबाहेरची माणसे

वीरकाव्यातील सभागृहाचे पेय मधापासून केलेले ‘मेओडू’ हे होय. संस्कृत ‘मधु’शी त्याचे नाते भाषाशास्त्राने केव्हाच दाखविले आहे. परंतु समाजाची खरी रचना मद्यापेक्षा भाकरीच्या शब्दांत दडलेली आहे. स्वामी या अर्थाचा ‘ह्लाफोर्ड’ हा शब्द म्हणजे ‘भाकरीचा राखणदार’. त्यातूनच आजचा ‘लॉर्ड’ आला. ‘लेडी’च्या मुळाशी ‘कणीक मळणारी’ असा अर्थ असल्याचे मानले जाते. एथेलबर्टच्या कायद्यात आश्रिताला ‘भाकरी खाणारा’ म्हटले आहे. स्वामिनिष्ठेचे काव्यातील उदात्त रूप आणि अन्नावरील अवलंबित्व हे एकाच नात्याचे दोन भाग होत.

ही भाकरी पिकविणारे काव्यात फारसे दिसत नाहीत. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत गणलेल्या लोकांपैकी सुमारे दहावा हिस्सा गुलामांचा होता. ‘वेआल्ह’ या शब्दाचा अर्थ परका, वेल्श आणि गुलाम असा तिहेरी होता. एल्फ्रिक याने इसवी सन १००० च्या सुमारास मुलांना लॅटिन शिकविण्यासाठी लिहिलेल्या संवादात नांगरट करणारा मनुष्य आपले कष्ट सांगतो आणि आपण स्वतंत्र नसल्याचे नोंदवितो. गुलामाचा हा दुर्मीळ आवाज व्याकरणाच्या पाठातून आला आहे. एक्सेटरच्या ग्रंथातील नव्वदहून अधिक कोड्यांत नांगर, बैल, कांदा, मधमद्य अशा वस्तू बोलतात. एका कोड्यात काळ्या केसांची वेल्श दासी कातडे हाताळताना दिसते. वीरकाव्याने जे वगळले, ते करमणुकीच्या लहान प्रकाराने टिपून ठेवले.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. वैरी कुळांत विवाह करून दिलेल्या स्त्रीला काव्यात ‘शांती विणणारी’ असे नाव आहे. परंतु ‘बेओवुल्फ’मधील हिल्डेबर्हची कथा सांगते की, त्या विणकामात तिचा पुत्र आणि बंधू एकाच चितेवर जातात. एक्सेटरच्या ग्रंथातील दोन छोट्या विलापिकांत निवेदिका स्त्री आहे, हे मूळ भाषेतील स्त्रीलिंगी रूपांवरून ठरते. त्यांच्या रचनाकारांविषयी काहीही माहिती नाही. मात्र ज्या व्हिटबीच्या मठात कॅडमनला आश्रय मिळाला, त्याची प्रमुख स्त्री होती, हे विसरता येत नाही.

६. देशभाषेचा राजाश्रय

व्हायकिंगांच्या आक्रमणांनी मठ उद्ध्वस्त झाल्यावर आल्फ्रेडने ८९० च्या सुमारास पोप ग्रेगरीच्या एका ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर बिशपांकडे पाठविले. त्याला जोडलेल्या पत्रात, लॅटिन समजणारे लोक क्वचितच उरले आहेत, अशी खंत व्यक्त करून त्याने योजना मांडली की, सर्वांना जाणणे आवश्यक असे ग्रंथ सर्वांना समजणाऱ्या भाषेत आणावेत आणि ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतील मुलांनी आधी इंग्रजी वाचावयास शिकावे. वूस्टरच्या बिशपला पाठविलेली प्रत आजही ऑक्सफर्डमध्ये आहे. या योजनेतून, तसेच त्याच काळात सुरू झालेल्या अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तातून इंग्रजी गद्याला प्रतिष्ठा मिळाली. इतिवृत्ताची पीटरबरो येथील प्रत ११५४ पर्यंत चालू राहिली. पुढे एल्फ्रिक आणि वुल्फस्टान यांची प्रवचने देशभाषेतच लिहिली गेली. देशभाषेचा हा उदय लॅटिनविरुद्धच्या बंडातून झाला नाही; लॅटिन ज्ञानाच्या ऱ्हासातून निर्माण झालेली गरज आणि राजसत्तेची सोय यांतून तो झाला. गुलामांची मुले या योजनेत नव्हती.

७. तौलनिक अभ्यासासाठी

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या विवेचनात काही ओळखीच्या गोष्टी दिसतील. तेराव्या शतकातील महानुभाव वाङ्मय राहिले ते पंथाच्या मठांत आणि सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गेल्यावर अनुयायांनी स्मरणातून ते पुन्हा सिद्ध केले, अशी पंथाची परंपरा सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केल्यानंतर मराठी साहित्याचा आरंभच नव्याने लिहावा लागला. इंग्रजी ग्रंथ जसा इटलीत राहिला, तशा महानुभावांच्या मराठी पोथ्या पंजाबातील मठांतही राखल्या गेल्या. ‘ज्ञानेश्वरी’ची आजची पाठपरंपराही १५८४ मधील एकनाथांच्या शुद्धीकरणाला विसरून समजून घेता येत नाही. हे साम्य दोन समाजांचे नाही. नॉर्थम्ब्रियातील मठ आणि महानुभाव मठ यांची धर्मदृष्टी, अर्थव्यवस्था आणि राजसत्तेशी असलेले नाते अगदी भिन्न होते. साम्य आहे ते राखणाऱ्या संस्थेच्या भूमिकेचे. आणि तौलनिक अभ्यासाला तेवढे पुरेसे आहे.

यावरून दोन गोष्टी सुचविता येतील. एक, साहित्येतिहासात ‘आरंभ’ म्हणून ज्या कृतीचा निर्देश केला जातो, तिच्या रचनाकाळाबरोबर तिच्या प्रतीचा काळ, स्थान आणि शेजारी असलेला मजकूर यांचाही विचार व्हावा. ‘बेओवुल्फ’चा रचनाकाळ आठवे शतक की अकराव्याचा आरंभ, हा वाद अद्याप मिटलेला नाही, त्याची प्रत मात्र इसवी सन १००० च्या सुमाराची आहे, हे निश्चित आहे. दोन, ज्या समाजघटकांचे साहित्य आढळत नाही, त्यांच्यापाशी साहित्य नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. व्हिटबीच्या त्या पंक्तीत वाद्य कॅडमनपर्यंत पोहोचण्यापूर्वी कितीतरी हातांतून गेले होते. भारतीय भाषांच्या आरंभाविषयी लिहिताना, विशेषतः जेथे पोथ्या विशिष्ट पंथांनी वा वर्णांनी राखल्या तेथे, ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. प्राचीन इंग्रजी साहित्य इतके थोडे उरले आहे की, त्यात जतनाची प्रक्रिया जवळजवळ उघडी दिसते. आपल्याकडील विपुल हस्तलिखितसंग्रहांत ती शोधून काढावी लागेल.